डेस्कटॉप म्हणजे मोठा फोन नव्हे

रुंद_पडदा (धागाकर्ती)

दर काही वर्षांनी कार्यप्रणालीला नवं रूप येतं आणि डेस्कटॉपवर काम करणाऱ्यांच्या हातातलं काहीतरी निघून जातं. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीकडे हे झालंय. त्यामुळे हा धागा कुणा एका कंपनीविरुद्ध नाही. 'ही चांगली की ती' हे भांडण कृपया इथे नको.

मी बोलतेय ते दिवसभर खुर्चीत बसून संगणकावर काम करणाऱ्यांबद्दल. समोर मोठा आडवा पडदा, हातात माउस, पुढ्यात पूर्ण कळफलक. एका वेळी चार-पाच स्प्रेडशीट, दोन पीडीएफ, ईमेल आणि ब्राउझर उघडे. यांना काय लागतं? उघडलेल्या प्रत्येक खिडकीचं नाव दिसायला हवं. एका पडद्यावर जास्तीत जास्त ओळी मावायला हव्यात. नेहमीची कामं एका क्लिकमध्ये व्हायला हवीत. आणि काल जे जिथे होतं ते आज तिथेच सापडायला हवं.

नव्या रूपात नेमकं याच्या उलट होतं. नावं जाऊन नुसती चित्रं येतात. एकाच प्रोग्रॅमच्या चार फाइल उघड्या असतील तर चित्र एकच, मग त्यावर माउस धरून थांबा, छोटे नमुने उमटेपर्यंत वाट पाहा, त्यातून हवी ती ओळखा. ओळींमधलं अंतर वाढतं, कारण बोटाला ते सोयीचं असतं. पण माउसच्या टोकाला एवढी मोकळी जागा कशाला हवी? जिथे तीस फाइल दिसायच्या तिथे वीस दिसतात आणि उरलेल्यांसाठी स्क्रोल करत बसायचं. तो स्क्रोलबारही केसाएवढा बारीक होतो आणि हात थांबला की गायब. मोठ्या दस्तऐवजात आपण सुरुवातीला आहोत, मध्यावर आहोत की शेवटाला, हे एका नजरेत कळायचं ते त्याच्यामुळेच.

विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आली तेव्हाचं उदाहरण घेऊ. टास्कबार, म्हणजे उघड्या प्रोग्रॅमची पट्टी, पडद्याच्या कुठल्याही कडेला नेण्याची सोय विंडोज ९५ पासून होती. नव्या आवृत्तीत ती नव्हती. आजचे बहुतेक पडदे रुंदीला भरपूर आणि उंचीला तोकडे. ज्यांनी उंची वाचवण्यासाठी पट्टी कडेला उभी ठेवली होती त्यांना ती मुकाट्याने खाली घ्यावी लागली. पट्टीवरच्या खिडक्यांची नावंही गेली. एखादी फाइल ओढून पट्टीवरच्या प्रोग्रॅमवर नेणं बंद झालं. उजव्या क्लिकचा मेनू छोटा झाला आणि बाकी सगळं 'आणखी पर्याय दाखवा' याच्या मागे गेलं. म्हणजे दिवसातून शेकडो वेळा करायच्या कामाला प्रत्येक वेळी एक क्लिक जास्त.

नवं काही करूच नका, असं मी म्हणत नाही. नवं रूप मूळ (डीफॉल्ट) म्हणून द्या, हरकत नाही. पण हातात बसलेली पद्धत काढून घेताना परत जाण्याचा एक पर्याय सेटिंगमध्ये ठेवा. माझी मागणी एवढीच आहे. तुमचे अनुभव आणि मतं वाचायला आवडतील.

---

दोन_पडदे

शंभर टक्के सहमत. यात भर घालायची तर २०१२ आठवा. ऑक्टोबरमध्ये विंडोज ८ आली आणि डाव्या कोपऱ्यातलं स्टार्ट बटणच नाहीसं झालं. त्या जागी पूर्ण पडदा व्यापणारी रंगीत चौकटींची स्टार्ट स्क्रीन. टॅबलेटवर ती शोभत होती, पण डेस्कटॉपवर एक प्रोग्रॅम उघडायचा तर समोरचं सगळं काम झाकलं जायचं.

त्याहून वाईट म्हणजे न दिसणाऱ्या जागा. संगणक बंद करायचा तर माउस उजव्या कोपऱ्यात न्या, मग कडेने एक पट्टी सरकत येणार, तिच्यात सेटिंग्ज, त्यात पॉवर, त्यात शट डाउन. पडद्यावर याची खूण कुठेच नाही. ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच जमणार.

शेजारी शेजारी दोन पडदे लावणाऱ्यांचा त्रास आणखी वेगळा. एकच पडदा असतो तेव्हा कोपरा गाठणं सोपं, माउस भिरकावला तरी तिथे जाऊन अडतो. दोन पडदे जोडले की मधल्या कडेला अडवायला काहीच नाही, माउस सरळ पलीकडच्या पडद्यावर जातो. त्या कोपऱ्यातली सोय वापरायची तर नेम धरावा लागायचा. ज्यांनी हे आखलं त्यांच्या डोळ्यांसमोर एक छोटा, बोटाने हाताळायचा पडदा होता हे यातूनच कळतं.

वर्षभरात, ऑक्टोबर २०१३ मध्ये, ८.१ सोबत बटण परत आलं. पूर्ण स्टार्ट मेनू परत यायला मात्र जुलै २०१५ उजाडला, विंडोज १० सोबत.

---

नवखी_नजर

थोडं वेगळं मत मांडते. मी संगणक शिकले तेव्हा स्टार्ट मेनूतल्या फोल्डरच्या आत फोल्डर असलेल्या याद्या मला कधीच आवडल्या नाहीत. आता विंडोज की दाबायची, दोन अक्षरं टाइप करायची, प्रोग्रॅम समोर. विंडोज ११ मधली खिडक्या चौकटीत बसवायची सोय रुंद पडद्यावर फार उपयोगी आहे, आणि ती डेस्कटॉपवाल्यांसाठीच केलेली आहे. माउस मॅक्झिमाइजच्या बटणावर नेला की आराखडे दिसतात, हवी ती जागा निवडायची.

सवयीमुळे जुनं बरं वाटतं, असंही असू शकतं ना? विंडोज ९५ चं स्टार्ट बटणसुद्धा तेव्हाच्या लोकांना नवंच होतं.

---

रुंद_पडदा

@नवखी_नजर, तुमचा मुद्दा रास्त आहे. शोध आणि खिडक्यांचे आराखडे या दोन्ही सोयी मी आनंदाने वापरते. पण त्या जुन्यात *भर* म्हणून आल्या. विंडोज की दाबून टाइप करण्याची सोय विंडोज व्हिस्टापासून आहे, आणि ती देताना मेनू कुणी काढून घेतला नव्हता. ज्याला टाइप करायचं तो टाइप करेल, ज्याला बघून निवडायचं तो बघून निवडेल. माझी तक्रार काढून घेण्याबद्दल आहे.

आणि सवयीला कमी लेखू नका. एकच काम वर्षानुवर्षं केलं की हात विचार न करता जागेवर जातो आणि डोकं कामात राहतं. बटण हललं की प्रत्येक वेळी डोकं कामातून बाहेर काढून बटणाकडे न्यावं लागतं. हा खर्च कुठल्याही जाहिरातीत मोजलेला नसतो.

---

कळफलक

लिनक्सची बाजू मांडतो, कारण 'तिकडे जा, सुटाल' असा सल्ला कुणीतरी देणारच.

लिनक्सवर डेस्कटॉपचं रूप वेगळं निवडता येतं; केडीई आणि ग्नोम ही त्यातली दोन. जानेवारी २००८ मध्ये केडीई ४.० आलं. सगळं नव्याने लिहिलेलं आणि अर्धकच्चं. ज्यांना ३.५ हवं होतं त्यांच्यातल्या काहींनी ते ट्रिनिटी नावाने पुढे चालू ठेवलं. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आलं. खालची पट्टी गेली, खिडकीवरची मिनिमाइज आणि मॅक्झिमाइजची बटणं मूळ मांडणीतून गेली. संगणक बंद करण्याचा पर्याय तर असा लपवला होता की मेनू उघडल्यावर आल्ट की दाबून धरली तरच दिसायचा. त्याच महिन्यात उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराने ११.०४ आवृत्तीत युनिटी हे स्वतःचं वेगळंच रूप मूळ म्हणून दिलं. लिनसने, म्हणजे ज्याने लिनक्सचा गाभा लिहिला त्या टोरवाल्ड्सनेच, ग्नोम ३ वर जाहीर टीका केली आणि तो काही काळ एक्सएफसीई हे तिसरंच रूप वापरू लागला.

फरक आहे तो पुढच्या टप्प्यात. ग्नोम २ चा कोड खुला होता, म्हणून लोकांनी त्यातून माटे उभं केलं. लिनक्स मिंट या आणखी एका प्रकाराच्या मंडळींनी ग्नोम ३ च्याच पायावर नेहमीच्या पट्टी-मेनूचं सिनॅमन बांधलं. दोन्ही आज चालू आहेत. ग्नोमनेही २०१३ मध्ये ३.८ आवृत्तीत 'क्लासिक' रूप दिलं. म्हणजे जुन्या मांडणीची गरज खरी होती, हे काम करून सिद्ध झालं.

त्रास मात्र पूर्ण संपत नाही. ग्नोमवर एक्स्टेन्शन (वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) लावून पट्टी परत आणता येते, पण आवृत्ती बदलली की एक्स्टेन्शन बंद पडतं आणि ते लिहिणाऱ्याने जुळवून घेईपर्यंत थांबावं लागतं. आपली रोजची मांडणी कुणातरी स्वयंसेवकाच्या मोकळ्या वेळेवर टांगलेली राहते. मी आता केडीईच्या आजच्या रूपावर, प्लाझ्मावर आहे. पट्टी कुठल्याही कडेला ठेवा, कितीही ठेवा, नावं दाखवा, झाका. धागाकर्तीला हवं ते सगळं तिथे आहे.

---

पांढरी_कळ

मॅकवाले गप्प का? मी लिहितो.

२०११ च्या लायन आवृत्तीत ॲपलने स्क्रोलची दिशाच उलटी केली. फोनवर बोट वर सरकवलं की मजकूर वर जातो, तसंच इथेही. स्क्रोलबार झाकायलाही तेव्हाच सुरुवात झाली. गदारोळ झाला, पण दोन्हींसाठी सेटिंगमध्ये पर्याय होते: दिशेसाठी एक चौकोन, स्क्रोलबार कायम दाखवण्यासाठी एक निवड. ज्यांना जुनं हवं होतं त्यांनी ते एकदा लावलं आणि विषय मिटला. ते दोन्ही पर्याय आजही आहेत. धागाकर्ती म्हणतात ते करणं शक्य आहे, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

उलट उदाहरणही तिथलंच. २०२२ च्या व्हेंचुरा आवृत्तीत सिस्टिम प्रेफरन्सेसची, म्हणजे सेटिंगच्या खिडकीतली, चित्रांची जाळी गेली आणि फोनसारखी लांबलचक उभी यादी आली. जाळीत 'दुसऱ्या ओळीत उजवीकडून तिसरं' असं डोळ्यांना पाठ असायचं. यादीत तसं होत नाही, शोधून काढावं लागतं. इथे परतीचा पर्याय मात्र ठेवला नाही.

---

मोठी_अक्षरे

माझी दृष्टी कमी आहे. वरच्या चर्चेत ज्याला सोय-गैरसोय म्हटलंय तो आमच्यासाठी काम होणार की नाही याचा प्रश्न असतो.

पारदर्शक काचेसारखे मेनू हे माझं सगळ्यात मोठं दुखणं. मागे काय आहे त्यावर अक्षरं वाचता येणार की नाही हे ठरतं. पांढऱ्यावर करडी अक्षरं, करड्यावर थोडी गडद करडी. कुठली खिडकी चालू आहे आणि कुठली मागे आहे, हे पूर्वी वरच्या पट्टीच्या रंगावरून लांबूनही कळायचं. आता दोघींचा रंग जवळजवळ सारखा. टाइप केलेलं भलत्याच खिडकीत जातं.

नुसत्या चित्रांची बटणंही तशीच. विंडोज ११ मध्ये कट, कॉपी, पेस्ट हे शब्द जाऊन मेनूच्या टोकाला छोटी चित्रं आली होती. २०२४ च्या आवृत्तीत त्यांच्याखाली पुन्हा नावं आली. तीन वर्षं लागली त्याला. तोवर आम्ही अंदाजाने क्लिक करत होतो.

पूर्ण अंध वापरकर्ते स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) आणि कळफलकावर काम करतात. त्यांना चित्र कसं दिसतं याने फरक पडत नाही, पण टॅब की किती वेळा दाबली की कुठे पोचतो, हे त्यांच्या बोटांत बसलेलं असतं. मेनूतला क्रम बदलला की त्यांचा नकाशाच बदलतो. सुंदर दिसावं म्हणून केलेल्या बदलाची झळ ज्यांना तो दिसतच नाही त्यांनाही बसते. हे नवं रूप आखणाऱ्यांपैकी किती जणांच्या मनात येत असेल?

---

जुळवणी

मी प्रोग्रॅमर आहे, मोठ्या सॉफ्टवेअरच्या युजर इंटरफेसवर काम करतो. सगळ्यांच्या तक्रारी मान्य. पण 'एक पर्याय ठेवा' हे म्हणणं जितकं सोपं वाटतं तितकं नाही, हे सांगायला हवं.

पट्टी चार कडांना नेता येते म्हटलं की तिच्यातून उघडणारा प्रत्येक मेनू, घड्याळ, सूचना, भाषेचं चिन्ह, सगळं चारही बाजूंना तपासावं लागतं. त्यात नावं दाखवणं-झाकणं आलं, चिन्हांचे दोन आकार आले, वेगवेगळ्या रिझोल्यूशनचे दोन पडदे आले. पर्याय एकमेकांत मिळवत गेलं की तपासायच्या जोड्या भराभर वाढतात. विंडोज ११ चा टास्कबार बराचसा नव्याने लिहिला गेला. जुन्यात वर्षानुवर्षं साठलेल्या सोयी नव्यात आपोआप येत नाहीत, एकेक पुन्हा बांधावी लागते. पट्टीवर फाइल ओढून नेणं २०२२ मध्ये परत आलं, खिडक्यांची नावं २०२३ मध्ये. उशीर झाला, पण आलं.

माझी खरी नाराजी वापराच्या आकड्यांवर आहे. एखादी सोय किती टक्के लोक वापरतात ते मोजलं जातं, आणि टक्का लहान दिसला की ती कापली जाते. पण ते थोडे लोक ती दिवसभर वापरत असतात, हे त्या आकड्यात दिसत नाही. विंडोज ८ बनत असताना, २०११ मध्ये, त्या चमूने जाहीरपणे लिहिलं होतं की लोक प्रोग्रॅम पट्टीवरच चिकटवून ठेवतात आणि स्टार्ट मेनूचा वापर कमी होतोय. आकडा खरा असेलही. पण कमी वापरतात याचा अर्थ नको आहे असा होत नाही. रोजचे चार प्रोग्रॅम पट्टीवर असले तरी महिन्यातून एकदा लागणारा पाचवा मेनूतूनच शोधावा लागतो.

जाता जाता, बरेच जाणकार वापरकर्ते ही माहिती पाठवणं जमेल तेवढं बंद करून ठेवतात. म्हणजे ज्यांना पर्याय सर्वाधिक लागतात तेच मोजणीतून बाहेर.

---

दोन_पडदे

@जुळवणी, माहितीपूर्ण प्रतिसाद. एका गोष्टीवर मात्र असहमत. तपासणीचा खर्च खरा आहे, पण नवं रूप अर्धवट असताना ते सगळ्यांवर मूळ म्हणून लादणं हा वेगळा निर्णय आहे. सोयी बांधून व्हायच्या होत्या तर तोवर जुनी पट्टी शेजारी ठेवता आली असती. तयारीचा खर्च बनवणाऱ्याने सोसायचा की वापरणाऱ्याने, एवढाच प्रश्न आहे.

आणि विंडोज ११ मध्ये पट्टीच्या मध्यावर आणलेल्या स्टार्ट बटणाबद्दल. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवून दिलं की लक्ष्य गाठायला लागणारा वेळ त्याच्या अंतरावर आणि आकारावर ठरतो. पडद्याचा कोपरा माउससाठी जवळजवळ अमर्याद मोठा, कारण पलीकडे जाताच येत नाही. डावा कोपरा डोळे मिटून गाठता येतो. मध्यावरचं बटण मात्र पट्टीवर प्रोग्रॅम वाढले की डावीकडे सरकतं, बंद केले की परत उजवीकडे. हलतं लक्ष्य हाताला कधीच पाठ होत नाही.

---

साधा_प्रश्न

चर्चा चांगली आहे पण मला उपाय हवेत. आईला नव्या संगणकावर विंडोज ११ मिळालंय. तिला काहीच सापडत नाही, सारखा फोन येतो. बाहेरचं काही सॉफ्टवेअर न टाकता काय करता येईल?

---

दोन_पडदे

@साधा_प्रश्न, बरंच करता येईल.

पहिलं, सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात टास्कबार, त्यात टास्कबार बिहेवियर्स. अलाइनमेंट लेफ्ट करा, स्टार्ट बटण कोपऱ्यात येईल. त्याच पानावर बटणं एकत्र करण्याचा पर्याय 'नेव्हर' करा, खिडक्यांची नावं दिसतील. त्रासाचा मोठा भाग इथेच संपतो.

फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू मेनूत 'कॉम्पॅक्ट व्ह्यू' चालू केला की ओळी जवळ येतात. उजव्या क्लिकचा जुना मेनू हवा असेल तर फाइल निवडून शिफ्ट आणि एफ१० दाबायचं. विंडोज की आणि एक्स एकत्र दाबलं की नेहमीच्या सेटिंगची आणि संगणक बंद करण्याची साधी यादी येते, ती आईला नक्की दाखवा. मराठी-इंग्रजी टायपिंग बदलायला विंडोज की आणि स्पेस.

एकाच बैठकीत सगळं शिकवू नका. आधी पट्टी लावून द्या आणि तिच्या रोजच्या चार-पाच गोष्टी पट्टीवर चिकटवून ठेवा.

---

मोठी_अक्षरे

यात भर: सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात व्हिज्युअल इफेक्ट्स. 'ऑल्वेज शो स्क्रोलबार्स' चालू, पारदर्शकता बंद, ॲनिमेशन बंद. वय झालेल्यांना याने फार फरक पडतो आणि संगणकही चपळ वाटतो. मॅकवर ॲक्सेसिबिलिटीत डिस्प्ले या भागात 'रिड्यूस ट्रान्सपरन्सी' आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मॅकचं काचेसारखं नवं रूप आलं त्यानंतर मला त्याचाच आधार आहे. पुढे त्याच्या २६.१ आवृत्तीत ॲपलने काच कमी पारदर्शक करायचा पर्यायही दिला. तक्रारी पोचतात, हे त्यावरून कळतं.

---

साधा_प्रश्न

दोघांचेही मनापासून आभार. आज संध्याकाळी करून बघतो.

---

कळफलक

तयार पर्यायी मेनूंबद्दलही थोडं. विंडोज ८ च्या काळात क्लासिक शेल फार चालायचं. २०१७ मध्ये ते लिहिणाऱ्याने काम थांबवलं, पण कोड खुला केला, त्यातून ओपन-शेल झालं. घरच्या संगणकावर वापरायला हरकत नाही. पण मोठ्या अपडेटनंतर अशी सॉफ्टवेअरं अडखळू शकतात, आणि ऑफिसच्या संगणकावर तर ती टाकायची परवानगीच नसते. म्हणून ही सोय मूळ कार्यप्रणालीतच हवी, या धागाकर्तीच्या मागणीला माझं अनुमोदन.

---

नवखी_नजर

वरचे प्रतिसाद वाचून एक विचारावंसं वाटतं. तक्रार नेमकी करायची कशी? 'जुनं परत आणा' असं लाखो लोक लिहितात. त्याचं काय होतं?

---

जुळवणी

@नवखी_नजर, 'जुनं परत आणा' असं लिहिलेल्या तक्रारी एका गठ्ठ्यात जातात आणि तिथेच राहतात, कारण त्यावर काम काय करायचं ते कळत नाही. उपयोग होतो तो नेमक्या कामाच्या वर्णनाचा. तुम्ही काय करत होतात, आधी किती पावलं लागायची, आता किती लागतात, हे दिवसात किती वेळा करावं लागतं, कुठला पर्याय दिला तर चालेल. एका तक्रारीत एकच गोष्ट. आणि जिथे इतरांच्या तक्रारी दिसतात तिथे आधी कुणी तशीच लिहिली असेल तर नवी न लिहिता तिलाच मत द्या, मोजणीत ती वर येते. विंडोजमध्ये फीडबॅक हब आहे, मॅकसाठी फीडबॅक असिस्टंट, ग्नोम आणि केडीईच्या नोंदी सगळ्यांना वाचता येतात. खुल्या प्रकल्पांत तर थेट कोड लिहिणाऱ्याचंच उत्तर येतं. तिथे भाषा सांभाळा. समोरचा अनेकदा बिनपगारी काम करत असतो.

---

रुंद_पडदा

@जुळवणी, तुमच्या सांगण्याप्रमाणे एक नोंद लिहिलीय, इथे डकवते. कुणाला वापरायची असेल तर खुशाल वापरा:

'मी दिवसभर एकाच प्रोग्रॅमच्या अनेक फाइल उघड्या ठेवून एकीतले आकडे दुसरीशी ताडून बघते. स्क्रोलबार कायम दिसावा असं सेटिंग केलं आहे, पण काही खिडक्या ते जुमानत नाहीत आणि हात थांबला की तो बारीक होतो. त्यामुळे दोन याद्यांमध्ये मी कुठवर आले हे बघण्यासाठी प्रत्येक वेळी माउस त्या खिडकीवर न्यावा लागतो. आधी नुसती नजर पुरत होती. हे तासातून अनेकदा होतं. हे सेटिंग सर्व खिडक्यांना सारखं लागू व्हावं आणि स्क्रोलबारची जाडी निवडता यावी.'

उजव्या क्लिकच्या मेनूबद्दल दुसरी नोंद उद्या लिहीन. @मोठी_अक्षरे, चालू खिडकीच्या रंगाबद्दलची तुम्ही लिहाल का? ती तुमच्याइतकी नेमकी दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही.

---

मोठी_अक्षरे

लिहिते. दुवा इथे देईन, सगळ्यांनी मत द्या.